मामाच्या गाडीवरची बॅग

माझ्या भावाने जी गाडी घेतली तिच्यावर सामान ठेवायला जागाच नव्हती, आणि हे मी पहिल्याच दिवशी त्याच्या तोंडावर सांगितलं होतं. निळी, चकचकीत स्पोर्ट बाईक. पुढे वाकलेली, मागे शेपूट वर केलेली. मागची सीट म्हणजे तळहाताएवढी गादी, तीही उतरती. कॅरिअर नाही, धरायला दांडी नाही, दोरी अडकवायला साधा हूक नाही. "यावर मागे माणूस बसतो की लोंबकळतो रे?" मी विचारलं. तो नुसता हसला. तारापूरच्या एका कारखान्यात तो परमनंट झाला होता, २०१६ सालची गोष्ट. हसण्यासारखेच दिवस होते त्याचे.

आमचं माहेर चिंचणीचं, मासळीवाल्यांचं. वडील होते तोवर दर्यावर जायचे, ते गेल्यावर आईने टोपली उचलली आणि डहाणूच्या बाजारात मासे विकून आम्हाला वाढवलं. आईने त्या गाडीभोवती एक फेरी मारली, सायलेन्सरला हात लावून बघितला, चटका बसला म्हणून हात झटकला आणि एवढंच विचारलं, "टोपली कुठं ठेवायची?"  मग आई त्या गाडीला कधी गाडी म्हणालीच नाही. "तुझं ते निळं" म्हणायची.

माझं सासर तलासरीच्या बाजूला, आत डोंगराकडे एका पाड्यावर. समुद्राकाठची पोर भात-नाचणीच्या घरात कशी पडली ती वेगळी कहाणी आहे, ती इथे नको. सासू-सासरे आधीच गेलेले. घरात मी आणि आमचे हे. हे घोलवडच्या एका चिकूच्या नर्सरीत कामाला. माणूस कमी बोलणारा. मी दोघांचं बोलून घेते, असं हेच म्हणायचे.

पावसाळ्याच्या आधी आई मला सुकी मासळी पाठवायची. बोंबील, जवळा, थोडी करंदी. आधी ती कुणाच्यातरी टेम्पोतून यायची. गाडी आल्यावर भावाला हौस, मीच घेऊन जातो ताईकडे. त्याने मोबाईलवरून एक बॅग मागवली, मागच्या सीटवर बांधायची, काळी, मऊ, चार पट्टे असलेली. पट्टे नंबर प्लेटला आणि इंडिकेटरला अडकवले, त्यात बोंबील कोंबले आणि साहेब निघाले. घोलवड मागे टाकून तलासरीच्या रस्त्याला लागले तोवर बॅग एका बाजूला कलंडून सायलेन्सरवर जाऊन बसली होती. कोपरा जळला, चेन फाटली, आणि बोंबील रस्ताभर. याला पत्ताच नाही. मागून एक आजोबा सायकलवर ओरडत आले तेव्हा हा थांबला. मागे वळून बघतो तर कावळे, कुत्री आणि दोन बाया ओच्यात बोंबील भरताहेत. माझ्या दारात आला तेव्हा अर्धी बॅग रिकामी होती आणि जळक्या प्लास्टिकचा वास येत होता. मी पोट धरून हसले. मग चिडले. आईची मेहनत ती, रस्त्यावर सांडायला नाही केलेली.

"चावी दे," मी म्हटलं.

वडिलांच्या हाताखाली जाळी दुरुस्त करत मी मोठी झालेय. दोरी कुठे घसरते, कुठे धरते, हे मला कुणी सांगावं लागत नाही. त्या गाडीची मागची सीट चावीने निघते. ती काढली, खालच्या लोखंडाला जाळ्याच्या नायलॉन दोरीचे दोन फास घातले, सीट परत दाबून बसवली. फासांची तोंडं दोन्ही बाजूंनी बाहेर आली. झाले हूक तयार. बॅगेखाली जुन्या ट्यूबचा तुकडा अंथरला, म्हणजे बॅग घसरत नाही आणि साहेबांच्या रंगालाही चरा पडत नाही. बॅग मागे न ठेवता पुढे, चालवणाऱ्याच्या पाठीला टेकेल अशी घेतली. जड सामान खाली. पुढच्या दोऱ्या मागच्या माणसाच्या पायठेवणीच्या लोखंडाला, मागच्या दोऱ्या फासांना. उरलेली टोकं नीट खोचून टाकायची. लोंबणारं टोक चाकात गेलं की संपलं.

"आता बॅग धरून हलव," मी म्हटलं. त्याने हलवली. बॅग ढिम्म, अख्खी गाडी हलली. "हे असं. बॅग हलली तर बांधणं चुकलं. गाडी हलली तर बरोबर."

गाठ मात्र त्याला कधी जमली नाही. मी सुरगाठ मारायचे. ताण येईल तशी ती आवळत जाते, पण टोक खेचलं की एका झटक्यात मोकळी. टोकाला मी एक पीळ देऊन ते खाली दडवते, ती वडिलांची सवय. भावाचा सुरगाठीवर विश्वास नव्हता. बोंबील प्रकरणानंतर तर अजिबात नाही. तो निरगाठ मारायचा, तिच्यावर अजून एक निरगाठ, मग मनाची खात्री म्हणून तिसरी. ती सोडायला मला दात लावावे लागायचे. "तुझी गाठ सोडायला सुतार बोलवावा लागेल," मी म्हणायचे. तो म्हणायचा, "सुटली तर नाही ना?" आता तो दर महिन्याला थोडी मासळी आणायचा, आणि बहीण-भावाचं हे भांडण दरवेळी चालायचं. एखाद्या महिन्यात मासळी नसेल तर मलाच चुकल्यासारखं व्हायचं.

मग २०१८चं वर्ष आलं. लग्नाला बरीच वर्षं झाली होती, आणि मला दिवस राहिले. आईने चिंचणीहून काय काय पाठवलं, ते त्या बॅगेतूनच यायचं. भाऊ गाडी उभी करून ओरडायचा, "मामा आले!" पोटातलं ऐकत असल्यासारखा. मी म्हणायचे, हळू बोल, पाडा गोळा होईल.

सातवा सरत आला होता. एका सकाळी रक्त जायला लागलं. ह्यांनी शेजारची जीप काढली, डहाणूला नेलं, पोट कापून बाळ काढलं. मुलगी. एवढीशी, की मी शुद्धीवर आले तेव्हा मला आधी वाटलं माझ्यापासून काही लपवताहेत. दाखवली तेव्हा कापसात गुंडाळलेली, फक्त कपाळ दिसलं. तिथे एवढ्या लहान बाळाची सोय नव्हती. तिला गुजरातच्या हद्दीतल्या एका लहान मुलांच्या दवाखान्यात हलवायचं ठरलं, काचेच्या पेटीत ठेवतात तिथे. हे तिच्याबरोबर गेले. मी डहाणूला खाटेवर, पोटाला टाके, बाळ दुसऱ्या राज्यात. आईपण हे असं सुरू झालं माझं.

तिथल्या डॉक्टरांनी ह्यांना पहिल्याच दिवशी सांगितलं, आणि ह्यांनी मला फोनवर सांगितलं. आईचं दूध मिळालं तर हिला आशा जास्त आहे. बाहेरचं दूध हिच्या पोटाला झेपायचं नाही. कसंही करून आईचं दूध रोज आणा.

मी म्हटलं, मीच जाते. पण टाके पिकले. ताप चढला. डॉक्टर म्हणाले, खाटेवरून उतरायचं नाही, आणि गाडीत तर बसायचंच नाही. डहाणूच्या दवाखान्यातून सुटी मिळाली तेव्हा आईने चिंचणीला चल म्हणून हट्ट धरला, मी नाही ऐकलं. चिंचणीहून दवाखाना लांब. माझ्या घरून हायवेला लागलं की हद्द ओलांडून तासाभरात पोचता येतं. शेवटी आईच टोपली बंद ठेवून माझ्याकडे राहायला आली. हे दवाखान्याच्या पायऱ्यांवर, कारण बाळाचं माणूस कायम हाकेवर लागायचं. दूध न्यायला कोण? भाऊ म्हणाला, "मी कशाला आहे?"

त्याने कारखान्यात रात्रपाळी मागून घेतली. सकाळी पाळी सुटली की चिंचणीला मासळीच्या बर्फवाल्याकडून बर्फ घ्यायचा, डहाणूवरून माझ्या घरी यायचं, दूध घ्यायचं, हायवेने दवाखान्यात पोचवायचं, रिकाम्या बाटल्या घेऊन परत माझ्याकडे, मग घरी जाऊन झोप. मी म्हटलं, मरशील. तो म्हणाला, "तू दूध काढ, बाकीचं मी बघतो."

बॅग तीच, बोंबलांची. दुसरी आणायला वेळ होता कुणाला? आईने ती सोड्याने धुतली, लिंबू चोळलं, उन्हात उलटी टांगली. जळलेल्या कोपऱ्याला ताडपत्रीचा तुकडा शिवला. वास काही गेला नाही. पुसट, पण होताच. आत स्टीलचा डबा, डब्यात दवाखान्याने दिलेल्या उकळलेल्या बाटल्या, पिशवीत बंद केलेल्या, डब्याभोवती बर्फ, वर टॉवेल. बॅग तशीच्या तशी सोडून वर वॉर्डात न्यायची, सिस्टरच्या हातात बाटली जाईपर्यंत बर्फातून काढायची नाही, असा तिथला हुकूम होता. म्हणून बांधणं असं हवं, की रस्त्यात हलणार नाही आणि तिथे पोचल्यावर सोडण्यात वेळ जाणार नाही. ते बांधणं मी करायचे. खाटेवरून उतरायचं नाही ते बाकीच्या कामांना. एवढ्या एका कामासाठी मी भिंत धरून गाडीपर्यंत यायचे, आणि आईने कितीही आरडाओरडा केला तरी ऐकायचे नाही.

भिंत तरी कसली म्हणा. त्याच हिवाळ्यात आमच्याकडे जमीन हादरायला लागली होती. आधी ढगासारखा आवाज जमिनीतून यायचा, मग भांडी वाजायची. घरांना तडे गेले. सगळा पाडा अंगणात ताडपत्र्या बांधून झोपत होता, तशी माझी खाटही अंगणातच. धक्का बसला की आई माझ्या पोटावर हात ठेवायची, टाक्यांवर. आणि म्हणायची, "बाळ तिकडं हाय तेच बरं बाय. तिकडं धरणी हलत नाय." मलाही ते पटायचं. त्या दिवसांत आम्ही कशावरही विश्वास ठेवत होतो.

पहिल्या दिवशी दूध निघालं ते बाटलीचं बूड ओलं होण्याइतकं. मी तासभर पिळत होते आणि रडत होते. आई पाठीवरून हात फिरवत राहिली, गरम फडक्याने शेकत राहिली. भावाने बाटली उजेडात धरून बघितली. "एवढंच?"

"एवढंच. सांडलंस तर बघ."

त्याने बाटली अलगद डब्यात ठेवली. त्या थेंबांसाठी अख्खी बॅग बांधली, बर्फ, टॉवेल, चार दोऱ्या. मी सुरगाठी मारल्या, टोकं खोचली, बॅग धरून हलवली. गाडी हलली. "जा," मी म्हटलं.

वाऱ्यासारखी पळायला बनवलेली ती गाडी हा सायकलसारखी चालवायचा. हायवेवर ट्रक अंगावरून जायचे, हा कडेकडेने, खड्डा दिसला की पाय टेकून. परत आल्यावर सांगायचा, "ताई, आज रिक्षावाल्याने मागे टाकलं." दुसऱ्या दिवशी, "आज दुधाच्या टेम्पोने टाकलं. मी म्हटलं जा बाबा, माझं दूध जास्त महाग आहे." मला हसायचं नसायचं, टाके ओढले जायचे. तरी हसायला यायचं.

वॉर्डातल्या गुजराती सिस्टर त्याला ओळखायला लागल्या. दारातून डोकावला की आत हाक जायची, "मामा आवी गया!" पहिल्यांदा एकीने बॅग उघडून नाक मुरडलं आणि विचारलं, हा वास कसला? भाऊ म्हणाला, "आजोळचा." ती हसली म्हणे. बाटल्या उकळलेल्या, बंद, त्यांना काही वास नव्हता, तेवढं तिने तपासून घेतलं. आईने पाठवलेला काळा दोरा आणि काजळाची डबी मात्र रोज परत यायची. आई रोज परत घालायची.

एकदा आईनेच घोळ केला. मासळी जास्त गार राहावी म्हणून बर्फावर खडेमीठ मारायची तिची सवय. आयुष्यभर पापलेटं तशीच राखली तिने. त्या दिवशी ऊन कडक, आईला वाटलं दूध नासेल, मला न सांगता तिने डब्याभोवती मूठ मूठ मीठ टाकलं. दवाखान्यात डबा उघडला तर दुधाचा दगड झालेला आणि बाटलीला तडा. सिस्टरने ते दूध टाकून दिलं. माझं दिवसभराचं दूध. भावाने येऊन सांगितलं तेव्हा मी आईला नको नको ते बोलले. "बाळ आहे ते, पापलेट नाही!" आई पदर तोंडाला लावून ताडपत्रीच्या बाहेर जाऊन बसली. मग संध्याकाळी तिनेच पेजेची वाटी माझ्या हातात दिली, म्हणाली, "चुकलं बाय. जेव आता. उद्याचं दूध यायला पायजे." मिठाची बरणी तिने शेजारणीकडे ठेवायला दिली.

आमच्यात पाचवी पुजतात, नशीब लिहिणारी सटवाई येते म्हणून. पाचवा दिवस दवाखान्यातच गेला, आणि आता बाळ घरात नाही, पुजायचं काय? आईने सुपात एक झबलं ठेवलं आणि त्यालाच हळदकुंकू वाहिलं. मी म्हटलं, पत्ता चुकेल तिचा. आई म्हणाली, तिला समदे पत्ते ठावं असतात. ते झबलं दुसऱ्या दिवशी बॅगेतून गेलं, आणि सिस्टरने ते तेवढं ठेवून घेतलं.

बाळाच्या सगळ्या बातम्या मला त्या बॅगेबरोबर यायच्या. भाऊ परत आला की मी आधी त्याच्या तोंडाकडे बघायचे नाही, गाडीच्या शेपटाकडे बघायचे. बॅगेवर त्याच्या त्या तीन-तीन निरगाठी दिसल्या की समजायचं, बॅग वर गेली, दूध पोचलं, ह्याने आपल्या हाताने परत बांधली. मग मी दात लावून गाठी सोडत बसायचे आणि तो सांगायचा. आज नळीतून घेतलं. आज नळीतून जास्त घेतलं, उलटी नाही केली. आज सिस्टरने कापसाचा बोळा ओठाला लावला तर चोखला. आज डोळा उघडला होता, भावोजींकडे बघितलं. "ह्यांच्याकडे? नक्की?" "नक्की. आणि भावोजी रडले. मी सांगितलं म्हणू नकोस."

मला एकदाच तिला बघता आलं. ताप उतरला, टाके जरा वाळले, मग शेजारची जीप सांगून, मागच्या सीटवर उशा घालून मला आडवं करून नेलं. भाऊ जीपच्या पुढे गाडीवर, बॅग बांधून. मला समोरच्या काचेतून सगळा रस्ता ती बॅगच दिसत होती. आत गेले तर सिस्टरने पेटीला असलेल्या गोल भोकातून हात घालायला सांगितलं. माझं बोट तिच्या तळहाताला लागलं आणि तिने धरलं. एवढ्या बारीक बोटांत ताकद होती. मी तिला म्हटलं, "बाय, सोडू नको." नाव ठेवलं नव्हतं. आमच्याकडे पोरीला बाय म्हणतात, तेच तिचं नाव.

त्यानंतर माझं दूध वाढलं. खरंच वाढलं. बोटाला धरलेलं अंगाला कळतं बहुतेक. बाटलीच्या अर्ध्यावर यायला लागलं, मग एक पूर्ण. डॉक्टर म्हणाले, असंच चाललं तर थोड्या दिवसांत पेटीबाहेर काढू. भाऊ बॅगेचा पट्टा ओढून बघत म्हणाला, "ताई, हिला घरी आणू तेव्हा ह्या बॅगेतूनच आणूया का? मस्त टॉवेल घालून." मी त्याच्या पाठीत धपाटा घातला. "बाळ जीपने येणार. तुझ्या त्या निळ्यावर मोठी झाल्यावरसुद्धा बसवणार नाही मी तिला." तो म्हणाला, बघू, मामाचं ऐकेल ती. आई आतून म्हणाली, आधी टोपली ठेवायला जागा कर त्याच्यावर.

मग एका संध्याकाळी ह्यांचा फोन आला. आमच्या पाड्यावर रेंज येते-जाते, अर्धं ऐकू आलं. आज जरा सुस्त आहे म्हणाले. रक्त तपासायला घेतलंय. मी विचारलं, दूध? म्हणाले, उद्या पाठव. मी तेवढंच धरून ठेवलं, उद्या पाठव.

दुसऱ्या सकाळी दोन बाटल्या भरल्या. दोन्ही, गळ्यापर्यंत. इतकं कधी निघालं नव्हतं. आईने दोन्ही उजेडात धरल्या आणि तिचा चेहरा खुलला. भाऊ आला, बर्फ आणला होता, डोळे पाळीने तांबारलेले. "आज टँकरच लागणार वाटतं," म्हणाला. मी बांधायला घेतली. ट्यूबचा तुकडा नीट केला, बॅग पुढे घेतली, चारही सुरगाठी आवळल्या, टोकांना पीळ देऊन दडवली. धरून हलवली. गाडी हलली. तो गेला.

तो नेहमीपेक्षा लवकर परत आला. मी खाटेवर बसले होते, आई पलीकडे भांडी घासत होती. गाडीचा आवाज ओळखीचा, मी मान वळवली, आणि सवयीने शेपटाकडे बघितलं. बॅग होती. त्याच्या निरगाठी नव्हत्या. चारही गाठी माझ्या होत्या, टोकं पीळ देऊन दडवलेली, सकाळी मी ठेवली तशीच. कुणी हात लावला नव्हता.

त्याने गाडी बंद केली, पण उतरला नाही. हेल्मेट काढलं नाही. दोन्ही पाय टेकून तसाच बसून राहिला.

मी उठून गेले. भिंत धरली की नाही आठवत नाही. बॅग धरून हलवली, गाडी हलली, तोही हलला. मग मी एक टोक खेचलं. सुटलं. दुसरं, तिसरं, चौथं. एकेका झटक्यात सुटली सगळी. मी ती तशीच बांधली होती, तिकडे वेळ जाऊ नये म्हणून. डबा उघडला. बर्फ होता. दूध गार होतं, दोन्ही बाटल्या गळ्यापर्यंत भरलेल्या.

"दिलं का नाहीस?" मी त्याला विचारलं.

त्याने हँडलवरचे हात काढले नाहीत.

"दिलं का नाहीस रे? एवढ्या लांब जाऊन परत आणलंस? एवढं दूध! वर का नाही नेलंस? पायऱ्या चढायला काय झालं होतं तुला?" मी ओरडत होते. त्याच्या पाठीत मारत होते. आई भांडी टाकून धावत आली तेव्हाही मी तेच विचारत होते, दिलं का नाहीस. हेल्मेटच्या आतून त्याचा आवाज आला, फुटलेला. "भावोजी खाली गेटवरच उभे होते, ताई. म्हणाले, नको सोडू बॅग."

रक्तात इन्फेक्शन झालं होतं. पहाटे गेली. ह्यांना फोनवर मला सांगता येईना, म्हणून भावालाच परत पाठवलं होतं. हे मागून आले जीपने, मांडीवर तिला घेऊन. ते झबलं घातलं होतं तिला. त्यात दोनदा बसली असती, एवढं सैल.

आमच्यात एवढ्या लहान बाळाला जाळत नाहीत, पुरतात. शेताच्या बांधाला पुरुषमाणसं घेऊन निघाली. तेव्हा आईने त्या दोन बाटल्या उचलून भावाच्या हातात दिल्या. "हे तिचं हाय," आई म्हणाली. "तिला दे." तो दोन्ही हातांत बाटल्या धरून ह्यांच्या मागून चालत गेला. बर्फाचं पाणी त्याच्या बोटांतून गळत होतं. मी खाटेवर होते. अंगावरचा ब्लाउज दुधाने भिजला होता आणि ते थांबत नव्हतं. त्याला कोण सांगणार, आता नको म्हणून.

परत आल्यावर भाऊ माझ्याजवळ जमिनीवर बसला.  मग खाली बघतच म्हणाला, "ताई, एक विचारू? त्या बॅगेला बोंबलाचा वास होता... त्यामुळे तर नसेल ना? मी दुसरी घ्यायला पाहिजे होती."

मला इतका राग आला की टाके विसरून मी त्याचा खांदा धरून त्याला माझ्याकडे वळवलं. "खबरदार," मी म्हटलं. "खबरदार परत असं बोललास तर. ती जेवढे दिवस जगली ना, ती त्या बॅगेवर जगली." तेव्हा तो रडला. गेटवर रडला नव्हता, बांधावर रडला नव्हता. माझ्या मांडीवर डोकं ठेवून, लहान असताना वडील दर्यावर निघाले की रडायचा तसा. मीही रडले. आई आमच्या दोघांच्या मधे येऊन बसली. त्या दिवशी जमीनही एकदा हादरली, भांडी वाजली, पण कुणी उठलं नाही.

ऊन उतरलं तेव्हा तो निघाला. त्याला रात्रपाळी होती. मी म्हटलं, आज नको जाऊ. तो म्हणाला, घरी बसून काय करू? बॅग आईने घरात ठेवून घेतली. गाडीची मागची सीट मोकळी होती, आणि दोन्ही बाजूंनी माझे ते दोरीचे फास बाहेर लोंबत होते. त्याचं लक्ष नव्हतं. त्याने गाडी चालू केली.

"थांब," मी म्हटलं. "चावी दे."

सीट काढली. दोन्ही फास गुंडाळून आत सारले, टोकं खोचली, सीट दाबून बसवली. हाताने चाचपून बघितलं, बाहेर काही राहिलं नव्हतं.

"चाकात गेलं असतं," मी म्हटलं. "सावकाश जा. पोचलास की फोन कर."